इनलाइन डिझेल पंपासाठी इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर: रॅकपासून वेगापर्यंत

डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते. पंप जेवढे इंधन देईल तेवढी ताकद इंजिन देते आणि भार नसेल तर ती सगळी ताकद वेग वाढवण्यात जाते. त्यामुळे इंधन पंपावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवायचा झाला, तर वेग स्थिर कसा ठेवायचा हा प्रश्न दुसरा ठरतो. काहीही बिघडले तरी इंधन बंद कसे होईल, हा प्रश्न पहिला. आखणीही मी त्याच क्रमाने मांडली आहे: आधी रॅक (पंपातील इंधनाचे प्रमाण ठरवणारी दांडी) आणि तो शून्यावर आणणारी व्यवस्था, मग रॅकच्या स्थानाचे नियंत्रण आणि शेवटी वेगाचे.

उदाहरणासाठी ६२.५ केव्हीएचा, चार सिलिंडरचा, १५०० आरपीएमवर ५० हर्ट्झ देणारा जनरेटर संच घेऊ. असे संच इस्पितळांत, शीतगृहांत आणि सोसायट्यांत वर्षानुवर्षे चालत आले आहेत, आणि जुन्या संचांवर इनलाइन पंप व त्याच्या मागे वजनांचा यांत्रिक गव्हर्नर, म्हणजे वेग स्थिर राखणारी यंत्रणा, हीच जोडी सापडते. बॉशने डिझेल पंपांचे मालिका उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. आपल्याकडे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको (मोटर इंडस्ट्रीज कंपनी) या कंपनीमुळे हे पंप इतके रुळले, की आजही अनेक मेकॅनिक त्याला नुसते ‘मायको पंप’ म्हणतात. एक मर्यादा सुरुवातीलाच सांगायला हवी. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी ४ प्लस या धूर-निकषांखाली, किंवा त्याआधीच्या निकषांखाली, प्रमाणित झालेल्या संचाच्या इंधनव्यवस्थेत असा बदल केला तर ते प्रमाणपत्र त्या संचाला लागू राहत नाही. म्हणून ही आखणी प्रयोगशाळेतील इंजिनासाठी, चाचणी बाकासाठी आणि अभ्यासासाठी आहे असे समजूनच पुढे वाचावे.

पंप नेमके काय मागतो

इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर असतो आणि कॅममुळे त्याचा स्ट्रोक नेहमी सारखाच राहतो. प्लंजरवर तिरकी खाच कापलेली असते. प्लंजर स्वतःभोवती फिरवला की ती खाच स्पिल पोर्टसमोर, म्हणजे इंधन परत सोडणाऱ्या छिद्रासमोर, लवकर किंवा उशिरा येते आणि इंधन किती जाणार ते ठरते. सगळे प्लंजर एकत्र फिरवणारी दांडी म्हणजे रॅक. तिचा एकूण प्रवास साधारण २० मिमीच्या आसपास असतो, पण बिनभार ते पूर्णभार हा कामाचा पट्टा त्याचा एक भागच व्यापतो. आपल्या उदाहरणात तो ७ मिमी धरू. म्हणजे नियंत्रकाला फक्त एक दांडी सरकवायची आहे, पण ती अचूक, वेगाने आणि न अडकता.

किती वेगाने, ते आकड्यांनीच कळते. ६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १५०० आरपीएमवर इंजिनाला सुमारे ३५० न्यूटन मीटर टॉर्क द्यावा लागतो. फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट आणि अल्टरनेटरचा रोटर यांची एकत्रित जडत्व-संख्या ३ किलोग्रॅम मीटर वर्ग धरू. आता साठ टक्के भार एकदम पडला, तर २१० न्यूटन मीटरची तूट येते आणि वेग दर सेकंदाला ७० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ६७० आरपीएम, या गतीने खाली येऊ लागतो. रॅक हलायला १०० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात ६७ आरपीएम गेलेले असतात, म्हणजे साडेचार टक्के. उलट बाजू अधिक गंभीर आहे. पूर्णभारावर चालताना ब्रेकर पडला आणि रॅक जागचा हललाच नाही, तर वेग सेकंदाला ११०० आरपीएमच्या वर वाढतो आणि १५०० वरून १७२५ ला पोहोचायला फक्त ०.२ सेकंद लागतो. संरक्षणाच्या मंडळाला मिळणारा वेळ तेवढाच असतो, आणि माझ्या मते हा एक आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहूनच आखणीला बसावे.

इंजिन तत्काळ उत्तर देत नाही हेही हिशेबात धरावे लागते. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात १५०० आरपीएमवर दर २० मिलिसेकंदांनी एक फवारणी होते. रॅक हलल्यावर पुढची फवारणी सरासरी १० मिलिसेकंदांनी येते, त्या फवारणीचा टॉर्क क्रँकवर उमटायला आणखी सुमारे १० मिलिसेकंद जातात आणि वेग मोजताना सरासरी घेतली की आणखी १०. असा एकूण ३० मिलिसेकंदांचा विलंब कोणत्याही प्रोसेसरने कमी होत नाही.

रॅक, ॲक्च्युएटर आणि शून्याकडे ओढणारी स्प्रिंग

इलेक्ट्रॉनिक्सला हात लावण्यापूर्वी पंप कॅलिब्रेशन बेंचवर चढवावा. इंजिनाच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ७५० आरपीएमवर, पंप फिरवून रॅकच्या प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरला मापननळ्यांत किती इंधन येते त्याचा तक्ता करावा. पूर्णभाराला शाफ्टवर सुमारे ५५ किलोवॅट आणि किलोवॅट-तासाला २२० ग्रॅम इंधन धरले, तर प्रत्येक सिलिंडरला हजार स्ट्रोकमागे साधारण ८० घनसेंमी इंधन यायला हवे. तक्त्यातील ज्या रॅक-स्थानाला हा आकडा येतो, तेथे आपली पूर्णभाराची खूण पडते. तोच तक्ता क्रँकिंगच्या, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवतो त्या, वेगालाही घ्यावा, कारण गार इंजिन सुरू करताना पूर्णभारापेक्षा जास्त इंधन लागते.

मग पंप थांबवून रॅक बोटाने ढकलून पाहावा. चांगल्या पंपात तो लोण्यातून सरकल्यासारखा जातो. महिनोन्महिने उभ्या असलेल्या संचात मात्र जुन्या डिझेलचा चिकट थर प्लंजर आणि त्याला फिरवणाऱ्या कंट्रोल स्लीव्हवर बसलेला असतो, आणि रॅक एका जागी किंचित थांबून मग एकदम सुटतो. बोटाला जाणवणारा तो झटका पुढे मीटरवर हंटिंग, म्हणजे वेगाचे सतत वरखाली डोलणे, होऊन दिसतो. आपल्या उदाहरणात रॅकचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ५० न्यूटन मीटर. रॅक ०.१ मिमीवर जरी अडकून राहिला, तरी ५ न्यूटन मीटरची चूक उरते आणि वेग सेकंदाला १६ आरपीएमने सरकत राहतो. असा पंप आधी उघडून साफ करावा. घर्षणावर उपाय म्हणून नियंत्रकाचे गुणांक बदलत बसणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे. रॅक ओढायला लागणारे बल साध्या स्प्रिंग काट्याने दोन्ही दिशांनी, पंप थांबलेला असताना आणि फिरत असताना, मोजून लिहून ठेवावे. ॲक्च्युएटरची निवड याच आकड्यांवर होते.

ॲक्च्युएटर, म्हणजे रॅक हलवणारा भाग, म्हणून प्रवाहाच्या प्रमाणात सरकणारा सोलेनॉइड घ्यावा आणि त्याची परतीची स्प्रिंग रॅकला शून्य इंधनाकडे ओढणारी असावी. वीज गेली, तार तुटली किंवा कनेक्टर सुटला, तरी रॅक स्वतःहून बंद स्थितीत आला पाहिजे. स्प्रिंगचे बल मोजलेल्या सर्वाधिक घर्षणाच्या किमान तिप्पट असावे असा माझा आग्रह असतो. त्यासाठी सोलेनॉइड थोडा मोठा लागला तरी चालेल. स्टेपर मोटर येथे टाळावी, कारण वीज गेल्यावर ती आहे तेथेच थांबते. रॅकच्या कमाल प्रवासावरचा यांत्रिक थांबा आणि त्याचे सील तसेच ठेवावे. सॉफ्टवेअरमधील मर्यादा त्याच्या आतच असावी.

रॅकच्या स्थानासाठी स्पर्श न होणारा सेन्सर हवा, म्हणजे एलव्हीडीटी (कॉइलमधील गाभा सरकल्यावर स्थान सांगणारा) किंवा हॉल (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) प्रकारचा. पोटेन्शियोमीटर स्वस्त पडतो, पण इंजिनाच्या कंपनामुळे त्याची पट्टी नेहमीच्या कामाच्या जागीच झिजते, आणि तेथेच त्याची सर्वाधिक गरज असते. सेन्सरचा उपयुक्त विद्युतदाब ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान ठेवावा. म्हणजे ० किंवा ५ व्होल्ट दिसले की तार तुटली आहे किंवा शॉर्ट झाली आहे हे निश्चित ओळखता येते.

वेग मोजणे

फ्लायव्हीलच्या रिंग गियरसमोर मॅग्नेटिक पिकअप, म्हणजे प्रत्येक दात समोरून गेला की विद्युत स्पंद देणारा सेन्सर, बसवावा. तो दातापर्यंत हलकेच टेकवून थोडा मागे घ्यावा. एम१६ आणि १.५ मिमी पिचचा आटा असेल, तर अर्धा फेरा म्हणजे ०.७५ मिमी अंतर मिळते. टेकवण्यापूर्वी पिकअपसमोर दाताचा माथा आहे, खाच नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे, नाहीतर इंजिन फिरताच पिकअपचे टोक तुटते. रिंगला १२० दात असतील तर १५०० आरपीएमवर ३००० हर्ट्झ आणि १५० आरपीएमच्या क्रँकिंगवर ३०० हर्ट्झ मिळतात. पिकअपचा विद्युतदाब वेगाबरोबर वाढतो. क्रँकिंगला तो एखादा व्होल्ट असतो, तर पूर्ण वेगाला काही दहा व्होल्ट. म्हणून आधी रेझिस्टर व डायोडने दाब आवरून मग हिस्टेरिसिस असलेल्या, म्हणजे किरकोळ गोंगाटाने न उलटणाऱ्या, कंपॅरेटरकडे द्यावा. तारेची जोडी पीळ दिलेली व शिल्डेड असावी आणि शिल्ड फक्त नियंत्रकाच्या टोकाला जोडावे.

प्रत्येक दाताचा काळ स्वतंत्र वाचून वेग काढण्याचा मोह होतो, पण इंजिनाचा वेग प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित चढतो आणि उतरतो. चार सिलिंडरांत हा चढउतार १५०० आरपीएमवर ५० हर्ट्झचा असतो. नियंत्रक त्याच्या मागे धावू लागला, तर रॅक सतत थरथरतो आणि पंपाचे कंट्रोल स्लीव्ह लवकर झिजतात. उपाय सोपा आहे. अर्ध्या फेऱ्यातील ६० दातांच्या काळाची बेरीज करावी. एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंतचे अंतर नेमके तेवढेच असल्यामुळे चढउतार त्या बेरजेत विरून जातो. बेरीज प्रत्येक नव्या दाताला पुढे सरकवत नेली, तर माहिती ताजीही राहते. सहा सिलिंडरच्या इंजिनाला हीच बेरीज एक तृतीयांश फेऱ्याची, म्हणजे ४० दातांची, घ्यावी.

चालक मंडळ

सोलेनॉइडचा प्रवाह मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) पीडब्ल्यूएम पद्धतीने, म्हणजे तो वेगाने चालू-बंद करून, नियंत्रित करावा आणि प्रवाह रेझिस्टरवर मोजून त्याचा आतला फीडबॅक घ्यावा. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो. नुसत्या ड्यूटी सायकलवर, म्हणजे स्विच चालू राहण्याच्या प्रमाणावर, विसंबले, तर सकाळी जुळवलेले गुणांक दुपारी जुळत नाहीत. पीडब्ल्यूएमची वारंवारता काही शे हर्ट्झ ठेवली, तर प्रवाहात सूक्ष्म थरथर उरते आणि ती रॅकचे स्थिर घर्षण मोडायला मदत करते. फार वर नेली की हा लाभ जातो, फार खाली नेली की थरथर वेगात दिसू लागते.

मॉसफेट बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे सोलेनॉइड पूर्ण चालू राहतो आणि रॅक कमालीवर जातो. या एका कारणासाठी पुरवठ्याच्या बाजूला दुसरा, स्वतंत्र स्विच असलाच पाहिजे. खालचा मॉसफेट वेग नियंत्रणासाठी आणि वरचा फक्त तोडण्यासाठी. रॅकची आज्ञा आणि रॅकचे मोजलेले स्थान यांत ठरावीक मिलिमीटरहून जास्त फरक १०० मिलिसेकंद टिकला, की वरचा स्विच उघडावा. कॉइलला समांतर असलेल्या फ्रीव्हीलिंग डायोडमधून प्रवाह हळूहळू ओसरतो. तोडताना तो झटकन ओसरावा म्हणून त्या मार्गात झेनर क्लॅम्प ठेवावा.

पुरवठ्याची बाजूही कच्ची ठेवून चालत नाही. स्टार्टर लागताच १२ व्होल्टची बॅटरी ६ व्होल्टच्या जवळ उतरू शकते आणि तेवढ्यात प्रोसेसर रीसेट होता कामा नये. उलट, चार्जिंग चालू असताना बॅटरीची तार सुटली, तर क्षणभर दाब कित्येक पटींनी चढतो. त्यासाठी टीव्हीएस डायोड (अचानक चढलेला दाब शोषणारा) आणि उलट जोडणीपासून संरक्षण दोन्ही लागतात.

दोन लूप, एकात एक

लूप म्हणजे मोजून चूक काढायची आणि ती सुधारायची, हे चक्र. आतला लूप रॅकच्या स्थानाचा, बाहेरचा वेगाचा. बाहेरचा लूप ‘रॅक ९.४ मिमीवर ने’ अशी आज्ञा देतो आणि आतला ती पाळतो. एकाच पीआयडीने (चूक, तिची साठत जाणारी बेरीज म्हणजे इंटिग्रल आणि तिच्या बदलाचा दर म्हणजे डेरिव्हेटिव्ह यांवरून आज्ञा काढणाऱ्या नियंत्रकाने) वेगाच्या चुकीवरून थेट प्रवाह ठरवण्याची पद्धतही चालते, परंतु मग घर्षण, स्प्रिंग आणि इंजिन यांचे दोष एकमेकांत मिसळतात, आणि हंटिंग नक्की कोठून आली ते सांगता येत नाही. शिवाय धूर-मर्यादा, म्हणजे ठरावीक वेगाला रॅक कोठपर्यंत जाऊ द्यायचा हा तक्ता, दोन लूपांच्या रचनेत सहज बसतो.

आतला लूप इंजिन बंद असतानाच जुळवावा. रॅकला २ मिमीची पायरी द्यावी आणि ऑसिलोस्कोपवर स्थान पाहावे. सुमारे २० हर्ट्झची बँडविड्थ (रॅक आज्ञेबरोबर किती वेगाने हलू शकतो ते) आणि नगण्य ओव्हरशूट (लक्ष्यापलीकडची उसळी) मिळाले की पुरे. नंतर रॅकला अतिशय हळू पुढे-मागे नेऊन आज्ञा व स्थान यांचा आलेख काढावा. त्यातील फट ०.१ मिमीहून मोठी दिसली तर पुन्हा पंपाकडे आणि लिंकेजच्या सांध्यांकडे जावे.

आता बाहेरचा लूप. रॅकच्या १ मिमीला ५० न्यूटन मीटर आणि जडत्व ३, म्हणजे रॅक १ मिमी हलला की वेग सेकंदाला १६.७ रेडियन प्रति सेकंद या गतीने बदलतो. क्रॉसओव्हर, म्हणजे लूप जेथपर्यंत प्रभावीपणे सुधारणा करतो ती वारंवारता, २ हर्ट्झवर, म्हणजे १२.६ रेडियन प्रति सेकंदावर, ठेवायचा तर प्रपोर्शनल गुणांक १२.६ भागिले १६.७, सुमारे ०.७५ मिमी दर रेडियन प्रति सेकंद, अर्थात दर आरपीएमला ०.०८ मिमी येतो. इंटिग्रलचा काळ क्रॉसओव्हरच्या चौथाईवर ठेवला तर सुमारे ०.३२ सेकंद. फेज मार्जिन, म्हणजे लूप डोलू लागण्याआधी हातात उरणारी सवलत, तपासू: इंजिनाच्या जडत्वाचे ९० अंश गेले की ९० उरतात. त्यातून इंटिग्रलचे १४, ३० मिलिसेकंदांच्या विलंबाचे सुमारे २२ आणि रॅक लूपचे ६ वजा केले की ४८ अंश राहतात. सुरुवातीसाठी हे उत्तम आहे. क्रॉसओव्हर ४ हर्ट्झवर नेण्याचा प्रयत्न केला, तर फक्त विलंबच ४३ अंश खातो आणि बिनभार चालताना इंजिन डोलू लागते. डेरिव्हेटिव्ह जोडायचाच असेल तर तो मोजलेल्या वेगावर, फिल्टरसह आणि अगदी थोडा असावा.

रॅक मर्यादेला टेकलेला असताना इंटिग्रल गोठवणे अनिवार्य आहे. टर्बो इंजिनावर मोठा भार पडला की बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, चढेपर्यंत धूर-मर्यादा रॅकला अडवते. तेवढ्यात इंटिग्रल साठत गेला, तर भार पेलल्यानंतर वेग वर उसळतो. संच एकटा चालणार असेल तर स्थिर वेगाची ही रचना पुरते. दोन संच समांतर चालवायचे असतील आणि भारवाटपाची वेगळी व्यवस्था नसेल, तर रॅकच्या प्रमाणात वेगाचे लक्ष्य उतरवणारा ३ ते ५ टक्के ड्रूप (भाराबरोबर वेगाची मुद्दाम दिलेली उतरण) द्यावा, अन्यथा एक संच सगळा भार ओढून घेतो.

सुरुवात, थांबा आणि बिघाड

पिकअप तुटला तर नियंत्रकाला वेग शून्य दिसतो, आणि साधा पीआय लूप शून्य वेग पाहून रॅक पूर्ण उघडतो. इंजिन पळण्याचे, म्हणजे वेग आवाक्याबाहेर जाण्याचे, हे अगदी नेहमीचे कारण आहे. म्हणून पिकअपवर क्रँकिंगचा वेग दिसेपर्यंत रॅक शून्यावरच धरावा. एकदा इंजिन चालू झाल्यावर वेग एका क्षणात नाहीसा झाला, तर तो इंजिनाचा नव्हे तर तारेचा दोष मानून पुरवठा तोडावा, कारण फ्लायव्हील असे एकाएकी थांबूच शकत नाही. सुरू होताना रॅक आरंभाच्या मर्यादेपर्यंत उघडावा, ४००–५०० आरपीएमच्या आसपास स्टार्टर सोडावा आणि वेगाचे लक्ष्य काही सेकंदांत १५०० पर्यंत चढवत न्यावे. त्यामुळे धूर आणि ओव्हरशूट दोन्ही आटोक्यात राहतात.

अतिवेगाचे संरक्षण मुख्य प्रोसेसरवर सोपवू नये. दुसरा पिकअप आणि एलएम२९०७ सारखी वारंवारतेचे व्होल्टेज करणारी चिप घेऊन १७२५ आरपीएमला, म्हणजे ३४५० हर्ट्झला, वरचा स्विच आणि पंपाचा स्टॉप सोलेनॉइड दोन्ही तोडणारे साधे मंडळ करावे. स्टॉप सोलेनॉइड ‘वीज असेल तरच चालू’ या प्रकारचा घ्यावा. टर्बोच्या सीलमधून येणाऱ्या इंजिन ऑइलवरही डिझेल इंजिन पळू शकते आणि तेव्हा इंधन तोडून उपयोग होत नाही. म्हणून पहिल्या चाचणीला इनटेकवर हवा बंद करणारी झडप असावी आणि ती ओढणारा माणूस जागेवर उभा असावा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक बिघाड मुद्दाम घडवून पाहावा. पिकअपच्या जागी फंक्शन जनरेटर जोडून ३००० हर्ट्झ द्यावेत आणि तार उपटावी, रॅक सेन्सर शॉर्ट करावा, मॉसफेटच्या दोन टोकांमध्ये तार जोडावी, वॉचडॉगला (प्रोसेसर अडकला की ते ओळखणाऱ्या घड्याळाला) चुचकारणे थांबवावे. प्रत्येक वेळी रॅक शून्यावर किती मिलिसेकंदांत पोहोचतो ते मोजावे, आणि २०० मिलिसेकंदांच्या बरेच आत आकडा आला तरच पुढे जावे.

इंजिन चालू झाल्यावर आधी बिनभार, मग लोड बँकवर (चाचणीसाठी कृत्रिम भार देणाऱ्या संचावर) पंचवीस-पंचवीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी भार चढवावा व उतरवावा, आणि वेग, रॅकची आज्ञा व रॅकचे स्थान असे तीन आलेख एकत्र नोंदवावेत. जनरेटर संचांच्या आयएसओ ८५२८ या मानकात स्थिर भाराला वारंवारतेचा पट्टा जी२ या कामगिरीच्या वर्गासाठी १.५ टक्के आणि जी३ साठी ०.५ टक्के दिला आहे, आणि त्याच्याशी आपला आलेख ताडून पाहावा. वेग डोलत असून रॅक आज्ञेबरोबर नीट चालत असेल तर दोष बाहेरच्या लूपमध्ये असतो. आज्ञा गुळगुळीत असून रॅक पायऱ्या-पायऱ्यांनी हलत असेल तर घर्षणात. दोन्ही ठीक असून वेग तरीही थरथरत असेल, तर एखादा नोझल टपकतो आहे का, किंवा एका सिलिंडरला इंधन कमी मिळते आहे का, ते पाहावे. गुणांकांना हात लावण्याआधी इंजेक्टर टेस्टरवर चढवावेत.